मागून येणारा दिवा

सोलोंगोला वाटायचं, गोबीत माणूस माणसाला मागे टाकून जात नाही. परदेशात जनावरांची डॉक्टर होत असताना हॉस्टेलच्या मुलींना ती हे छातीठोकपणे सांगायची. परत आली, आणि पहिल्याच हिवाळ्यात तिला काय बघावं लागलं ते ऐका. सख्खी भाची माझी, उगाच बोलणारी नाही. चुलीत गोवरी सारा आणि बसा, पोरांनो. उद्या तुम्हालाही मोटारसायकलींवरून तोच रस्ता धरायचाय.

काम साधंच होतं. वाळवंटापलीकडे चिमगे म्हातारीच्या हिवाळी तळावर मेंढ्यांची लस पोचवायची. दोन दिवसांची वाट. लस गोठू नये म्हणून सोलोंगोनं बाटल्या डगल्याच्या आत पोटाशी बांधल्या. सोबतीला चुलत भाऊ गान्झोरिग. त्यानंच तिला चल म्हटलं होतं.

"मी पुढे, तू मागे," तो म्हणाला. "माझ्या मागे कुणीतरी पाहिजेच."

"का रे दादा, भीती वाटते?"

"डॉक्टरीणबाई, गाडी ढकलायला नको का कुणी?"

नियम तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक चढावर पुढच्यानं थांबायचं. नुसता मागच्याचा दिवा बघून निघायचं नाही. मागच्याला जवळ येऊ द्यायचं, त्याचं तोंड बघायचं, मगच पुढे. पहिल्या दिवशी गान्झोरिग थांबला. दुसऱ्या दिवशी अंधार पडला तसा थांबेना.

हिवाळ्याचे नऊ-नऊ दिवसांचे नऊ टप्पे, त्यातल्या तिसऱ्या नवाची शेवटची रात्र ती. थंडी ऐन भरात, आकाशात चंद्र नाही. एका चढाच्या पायथ्याशी सोलोंगोची गाडी धापा टाकत बंद पडली. पेट्रोलच्या नळीत बर्फ. दिवाही गेला. तिनं हाका मारल्या. पुढचा लाल ठिपका चढावर पोचला... आणि पलीकडे उतरला.

"वळेल आत्ता," ती स्वतःशीच म्हणाली.

वळला नाही.

बसून राहिली असती तर तिथंच गोठली असती. बॅटरी हातात घेऊन ती त्याच्या चाकाच्या खुणेवरून चालायला लागली. पातळ बर्फावर एकच रेघ होती. चढ संपला. माथ्यावर वाटसरूंनी रचलेली दगडांची रास. तिथून पुढे दोन रेघा.

तिनं बॅटरी मागे फिरवली. दुसरी रेघ कुठूनच आलेली नव्हती. राशीपाशीच सुरू होत होती.

खाली चिमगेच्या गेरच्या, नमद्याच्या त्या गोल तंबूच्या, धुराड्यातून ठिणग्या उडताना दिसल्या. आणि त्याच्या अलीकडे... एक दिवा. मोटारसायकलचा. नुसता उभा. इंजिनाचा आवाज नाही.

ती लांबून वळसा घालून गेली. तिकडे बघितलं नाही.

"कुत्रा आवरा!" ती ओरडली.

कुत्रा भुंकत अंगावर आला. त्या दिव्यावर मात्र तो इतका वेळ भुंकलाच नव्हता.

आत गान्झोरिग चहाचा वाडगा धरून बसला होता. चिमगेच्या हातातला डाव खाली पडला.

"अगं, तू चालत? मग बाहेर दिवा कुणाचा? हा म्हणतोय, मागेच आहे ती, दिवा दिसतोय. मी पण बघितला!"

गान्झोरिगनं मान वर केली नाही.

"चढावर का नाही थांबलास, दादा?"

त्यानं वाडगा खाली ठेवला.

"दादा."

"थांबलो की तो जवळ येतो."

"कोण?"

"लुव्सान."

लुव्सान त्याचा जिवलग मित्र. काही हिवाळ्यांपूर्वी याच वाटेवर गोठून मेला. एकटाच निघाला आणि वाट चुकला, असं सगळे समजत होते. त्याची आई तर अजून म्हणते, माझंच पोर हट्टी.

"एकटा नव्हता तो," गान्झोरिग म्हणाला. "त्या दगडांपाशी त्याची गाडी बंद पडली. मी त्याचा दिवा बघितला... आणि निघून आलो. फार थंडी होती गं." त्यानं दाराकडे बघितलं. "वाटलं, मध्ये जिवंत माणूस असलं तर तो येणार नाही."

चुलीत गोवरी तडकली.

"म्हणून मला मागे ठेवलंस," सोलोंगो म्हणाली.

पोटाशी बांधलेली गाठ तिला सोडवेना. शेवटी चिमगेनं सोडवली. लस गोठली नव्हती.

सकाळी तिनं आधी मेंढ्यांना लस टोचली. चिमगेच्या उंटानं तिची गाडी ओढून आणली. गोवऱ्यांची धग लागल्यावर ती सुरू झाली.

गान्झोरिगची गाडी दाराशीच होती. रात्रभराच्या हिमानं टाकी, हँडल, पुढची सीट, सगळं पांढरंफट्ट. राशीपासूनची ती दुसरी रेघ थेट त्या गाडीपर्यंत आली होती. परत गेलेली नव्हती. आणि मागची सीट... काळी. कोरडी. एका माणसापुरती.

"घरी चल, सोलोंगो," गान्झोरिग पुटपुटला. "कुणाला बोलू नकोस."

"घरी नाही. आधी लुव्सानच्या आईकडे. तिला तू सांगायचंस." तिनं गाडीला टांग मारली. "आज मी पुढे, तू मागे. प्रत्येक चढावर थांबेन."

तिची नजर त्या मागच्या सीटवर गेली.

"तुम्हा दोघांची तोंडं दिसेपर्यंत."