मागची उजवी बाजू

ऑरेस्ट बोइचुकने ती गाडी घरी आणली तेव्हा त्याची बायको व्हर्ना एकच वाक्य बोलली होती. "स्वस्तात मिळालेली जर्मन गाडी म्हणजे जगातली सगळ्यात महाग गाडी." वाक्य तिचं स्वतःचं नव्हतं. कॅनोरा गावच्या पोस्टात कोणीतरी कोणालातरी सांगताना तिने ऐकलं होतं. पण पुढे दोन वर्षं ते तिला इतक्या वेळा वापरावं लागलं की अखेर ते तिच्याच मालकीचं झालं.

गाडी दिसायला राजबिंडी होती, यात वाद नाही. काळी, लांबलचक, आत मधाच्या रंगाचं कातडं, आणि दार लावलं की सस्कॅचवानचा वारासुद्धा बाहेर गप्प उभा राहायचा. सॅस्काटूनच्या एका दातांच्या डॉक्टरने ती बारा वर्षं वापरून काढली होती आणि ऑरेस्टला जुन्या पिकअपच्या भावात मिळाली होती. जमीन खंडाने देऊन झाली, गुडघे कुरकुरतात, आता तरी जरा मऊ गादीवर बसू दे, असं त्याचं म्हणणं. शिवाय गाडी डिझेलवरची. चाळीस वर्षं ट्रॅक्टर, ट्रक, कापणीचं यंत्र, सगळं डिझेलवर हाकलेला माणूस तो.

"डिझेल मरत नसतं, व्हर्ना. हा नुसता ट्रॅक्टर आहे, वरून कातडं चढवलेला."

इथेच त्याचं गणित चुकलं. पहिल्याच रविवारी तो पाना घेऊन गाडीखाली सरकला आणि तासाभराने बोटांची सालं काढून, पाद्र्यासमोर बोलू नये असं काहीबाही बोलत बाहेर आला. खालचा प्रत्येक स्क्रू म्हणे आधी संगणकाची परवानगी मागत होता.

मग लाइल फ्रीझनचं गॅरेज आलं. लाइल व्हर्नाच्या धाकट्या भावाच्या वर्गातला. फोनवर त्याचा आवाज असा यायचा, जणू दवाखान्यातून नातेवाइकांना बातमी द्यायला कोणीतरी बाहेर आलंय. आधी इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर गेले. मग इंजिन तापवणारे प्लग, त्यातला एक आतच तुटला आणि तो काढायची मजुरी प्लगच्या दहापट झाली. मग जानेवारीत धूर साफ करणारा कसलासा द्रव टाकीत गोठला आणि गाडीने सुरू व्हायचंच नाकारलं. मालक गोठला असता तरी तिला फरक पडला नसता, पण द्रव गोठलेला चालत नव्हता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. स्वयंपाकघरात नवी कपाटं करायची म्हणून व्हर्नाने बाजूला ठेवलेले पैसे त्या हिवाळ्यातच लाइलच्या घरी राहायला गेले.

दुसऱ्या वर्षी, पिकं निघाल्यानंतर, एका सकाळी ती पिंपातलं मीठ आणायला गॅरेजमध्ये गेली आणि तिला गाडी वाकडी उभी दिसली. मागची उजवी बाजू खाली बसली होती.

"फुगा फुटला असणार," लाइल म्हणाला. "या गाडीला स्प्रिंगा नाहीत, हवेचे फुगे आहेत. जिथे भार पडेल तिथे हवा भरून ती स्वतःला सपाट ठेवते."

फुगा बदलला. आठवडाभर गाडी सरळ उभी राहिली आणि पुन्हा बसली. हवा भरणारा पंप बदलला. मग उंची मोजणारा भाग बदलला.

"लाइल, त्या बाजूला आता जुनं काही उरलंय का रे?" व्हर्नाने विचारलं.

"दार," लाइल प्रामाणिकपणे म्हणाला.

चौथ्या वेळी मात्र त्याने फोन केला आणि किंमत सांगायच्या आधी घसा खाकरला. "हे बघा व्हर्ना, फुगा गळत नाहीये. उलट बाकीच्या तिन्हींपेक्षा त्याच्यात जास्त हवा आहे. गाडी भार उचलायला बघतेय आणि दमतेय. मागच्या उजव्या सीटवर काही ठेवलंय का तुम्ही?"

"काय ठेवणार? काही नाही तिथे."

"नाहीच आहे. मीही बघितलं. म्हणजे पंप पुन्हा बदलावा लागेल."

व्हर्ना त्याच्यावर कडाडली, चोर म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला बरंच वाटलं. चिडता येतंय तोवर गोष्ट गाडीचीच आहे.

त्याच सुमाराला ऑरेस्ट हलका व्हायला लागला होता.

बोइचुकांकडची माणसं मुळातच आडवी. ऑरेस्टचं पोट तर चर्चच्या बाकावर त्याच्या आधी जाऊन बसायचं. त्या शरद ऋतूत त्याच्या पट्ट्याला व्हर्नाने खिळा तापवून दोनदा नवी भोकं पाडली. यॉर्कटनच्या डॉक्टरणीने रक्त पाहिलं, फुप्फुसं पाहिली, नळ्या घालून पोटही पाहिलं. सगळं छान. "असंच चालू द्या, हृदयाला चांगलं," ती म्हणाली. चर्चच्या तळघरातल्या जेवणात ऑरेस्टने भाताच्या सारणाच्या कोबीच्या गुंडाळ्यांचा असा डोंगर संपवला की वाढणाऱ्या बायका बघत राहिल्या.

"एवढं खाऊन बारीक कसा होतोस रे? आम्हालाही सांग की."

"लाइलची बिलं भरायला घ्या, बायांनो," ऑरेस्ट म्हणाला. टेबलभर हशा पिकला. व्हर्नाही हसली.

पण ती त्याच्या शेजारी झोपत होती. अडतीस वर्षं त्या गादीला ऑरेस्टच्या बाजूने उतार होता आणि झोपेत ती घरंगळत त्याच्या पाठीला जाऊन टेकायची, त्यावरून कुरकुरायची. आता गादी सपाट होती. त्याचं अंग जेवढं कमी झालं होतं त्याच्यापेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त कमी झालं होतं. पहिला बर्फ पडला तेव्हा तो टपालपेटीपर्यंत चालत जाऊन आला, आणि त्याच्या बुटांच्या खुणा बघत ती दारात उभी राहिली. कुत्र्याच्या खुणा त्याहून खोल होत्या. तिने आपला पाय एका खुणेशेजारी ठेवून दाबला. तो घोट्यापर्यंत आत गेला.

तिला भीती वाटली. खरीखुरी. मग ती आत गेली आणि तिने आणखी लोणी घालून पिठाचे मुटके तळले, कारण दुसरं काय करावं ते तिला कळेना.

पुढचं बिल आलं तेव्हा ऑरेस्टचा तोल सुटला. "भार आहे म्हणतो तो! ठीक. कोठारावर काटा आहे ना? वजन करून आणतो आणि कागद त्याच्या तोंडावर फेकतो."

रेल्वेरुळांलगतच्या धान्याच्या कोठारावर गव्हाचे ट्रक तोलायचा काटा होता आणि तो चालवायला क्लिफर्ड होता, ऑरेस्टचा जुना हॉकीतला जोडीदार. दुपारी थंडी कोरडी होती, उन्हात बर्फाचा चुरा चमकत होता. ऑरेस्टने गाडी काट्याच्या पट्टीवर आणून उभी केली आणि आतच बसून राहिला. इंजिन घरघरत होतं. व्हर्ना क्लिफर्डच्या खोलीत, खिडकीशी उभी राहिली. तिथे मोहरीच्या पेंडीचा वास येत होता.

क्लिफर्डने गाडीच्या दारावरच्या पट्टीवरून टिपून आणलेला तिच्या वजनाचा आकडा पाहिला, टाकीतल्या डिझेलचा अंदाज धरला, मग समोरचा लाल आकडा पाहिला.

"गाडी आणि एक जाडा माणूस," तो म्हणाला. "बरोबर आहे की. लाइल बनवतोय तुम्हाला."

व्हर्नाला इतकं हायसं वाटलं की तिने टेबलाला धरलं. मग तिच्या मनात आलं ते ती बोलून गेली. "त्याला उतरायला सांग."

"कशाला?"

"सांग ना रे."

क्लिफर्डने खिडकी सरकवून हात केला. ऑरेस्ट उतरला, दार लावलं, काट्यावरून खाली पाय ठेवून बाजूला उभा राहिला. खिशात हात घालून तो वर खिडकीकडे बघून हसला.

लाल आकडा होता तिथेच होता.

"अडकलाय," क्लिफर्ड म्हणाला. "खाली बर्फ गेला असेल. तू जा बघू, तू बस."

व्हर्ना खाली गेली आणि स्टीअरिंगमागे बसली. आकडा तिच्या वजनाइतका वर गेल्याचं क्लिफर्डने खिडकीतून ओरडून सांगितलं. ती उतरली. तेवढाच तो खाली आला.

"काटा ठीक आहे," क्लिफर्ड म्हणाला. त्याने काट्याचे पैसे घेतले नाहीत, आणि निरोप घेताना त्याने ऑरेस्टकडे पाहिलंही नाही.

घरी येताना व्हर्ना गाडीत पुढे बसली होती आणि तिच्या सीटच्या मागे, उजव्या बाजूला, कातडं हळू कुरकुरत होतं. तिने मान वळवली नाही.

"विकायची," ती म्हणाली. "याच आठवड्यात."

"वीक," ऑरेस्ट म्हणाला. वाद घातला नाही, हे तिला सगळ्यात जास्त लागलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "खरं सांगू? या गाडीत बसलं की मला बरं वाटतं. भरल्यासारखं वाटतं."

शनिवारी मेलव्हिलहून एक तरुण गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आवाज ऐकला, मागची बाजू बसलेली बघून किंमत पाडून मागितली. व्हर्ना लगेच हो म्हणाली. फुकट न्यायला कोणी आलं असतं तरी तिने वर रस्त्यात खायला पाव बांधून दिला असता.

"एक चक्कर मारून बघतो," तो म्हणाला. "शेतांना वळसा घालून आलोच."

ऑरेस्ट स्वयंपाकघरात कॉफी घेत बसला होता. खिडकीतून गाडी रस्त्याला लागताना दिसली. सपाट पांढऱ्या शेतांमधून ती काळी लांब जात राहिली.

ऑरेस्टने कप उचलायला हात पुढे केला. कप हलला नाही.

"व्हर्ना," तो म्हणाला. आवाज दुसऱ्या खोलीतून यावा तसा होता.

तिने वळून पाहिलं. तो खुर्चीत होता आणि खुर्चीची गादी, जी गेली वीस वर्षं दबलेलीच होती, ती फुगून वर आली होती. त्याच्या सदऱ्यातून मागच्या लाकडी दांड्या दिसत होत्या, की तिला तसं वाटलं, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताखाली सदरा होता.

बाहेर गाडी लहान होत होत एक ठिपका झाली होती.

"वळ," व्हर्ना खिडकीकडे बघून म्हणाली. "अरे वळ. वळ ना, मेल्या."

ठिपका वळला.

गाडी अंगणात शिरली तेव्हा ऑरेस्ट कॉफी पीत होता. गार झाली म्हणून कुरकुरत होता.

व्हर्ना कोट न घालताच बाहेर धावली. गाडी विकायची नाही, असं तिने त्या तरुणाला सांगितलं. तो भडकला, पेट्रोल जाळून एवढ्या लांब आलो म्हणाला. तिने त्याला पेट्रोलचे पैसे दिले, वर दोन नोटा जास्तच दिल्या, आणि चाव्या त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतल्या.

त्यानंतर ती लाइलशी भांडली नाही. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो गेला तेव्हा त्याने नेहमीसारखा घसा खाकरला.

"कर," व्हर्ना म्हणाली.

"किंमत तरी ऐका. या पैशांत तुम्हाला दुसरी आख्खी गाडी—"

"कर म्हटलं ना! आणि तिथेच, तुझ्याकडे असताना, रात्री गॅरेज गरम ठेव. आणि लाइल, ती टोचन करून नेऊ नकोस. मी स्वतः हळूहळू चालवत आणते. आम्ही दोघं येतो, आणि काम होईपर्यंत तुझ्या ऑफिसात बसतो."

"दोन दिवस लागतील, व्हर्ना."

"मग दोन दिवस बसतो. तुला काय जड आहे?"

ईस्टरपर्यंत जमिनीचा एक तुकडा विकावा लागला. ऑरेस्टच्या बापाने दगड वेचून केलेला तुकडा होता तो, आणि तो गेला दोन पंपांत, चार इंजेक्टरांत आणि एका टर्बोत. व्हर्ना सही करताना रागाने रडली. सगळ्या जगात आपल्यालाच सापडावी अशी गाडी, आणि ह्यालाच सुचावी ती घ्यायला. ऑरेस्ट शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. तिला तो हात जाणवला नाही, पण तो फिरताना दिसत होता.

ईस्टरच्या सकाळी वारा सुटला होता. चर्चला निघताना तिने ऑरेस्टची बाही घट्ट धरून त्याला अंगणातून गाडीपर्यंत नेलं आणि पुढे, आपल्या शेजारी बसवलं. मांडीवर टोपली दिली, रंगवलेल्या अंड्यांची, म्हणजे तो जागचा हलणार नाही. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. पुढच्या सीटवर कोणी नसलं की लागतो तो पिवळा दिवा लागला, आणि तसाच लागून राहिला.

"हाही बिघडला," ऑरेस्ट म्हणाला.

"बिघडू दे."

रस्त्यावरचा बर्फ वितळून खड्डे पडले होते. व्हर्ना निघता निघता थांबली. उतरून वळसा घालून तिने मागचं उजवं दार उघडलं. सीटच्या कातड्यावर मोठा खोल दाब होता. "पट्टा लाव म्हटलं तरी ऐकायचं नाहीच," ती पुटपुटली, आणि पट्टा ओढून पलीकडच्या खाचेत अडकवला. सोडला की असला पट्टा परत ओढला जाऊन सीटला चिकटतो.

तो चिकटला नाही. सीटपासून चांगला वीतभर पुढे, जुन्या ऑरेस्टच्या पोटाइतका पुढे, तो तसाच ताणलेला राहिला.