पिवळ्याचा शेवटचा हात

पिवळा रंग भल्याभल्या रंगाऱ्यांचा घाम काढतो. काळा, करडा कसे दोन हातांत खालचं सगळं पोटात घेतात. पिवळ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पत्र्यावर कुठे पोचा बुजवायला लांबी भरलेली असो, कुठे जुना रंग राहिलेला असो, वाळल्यावर तिथे मळकट ढग दिसलाच म्हणून समजा. म्हणून अण्णा पिवळ्याखाली आधी स्वच्छ पांढरा मारत आणि मग पिवळ्याचे पातळ हात देत, एक आडवा, एक उभा, मध्ये वाळायला वेळ सोडून. गेली चाळीस वर्षं हेच. धंद्यातले लोक त्यांना पाठीमागे हळद्या म्हणत. अण्णांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

पण तीन महिन्यांपूर्वी त्यांनी रंगवलेली एक पिवळी गाडी परत आली होती. बॉनेटवर तीन ठिकाणी रंग विरळ. गाडी देताना अण्णांना तो विरळपणा दिसलाच नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून सांगितलं. वर्कशॉप आता मुलगी सांभाळत होती. तिने एका संध्याकाळी वडिलांना समोर बसवलं आणि शांतपणे म्हणाली, "अण्णा, आणखी एक गाडी परत आली तर रंगाची गन खाली ठेवायची. कबूल?"

अण्णा कबूल म्हणाले. काय करणार? बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. सकाळी उठून कामाचा डगला चढवायचा, गन हातात घ्यायची, एवढ्यावरच त्यांचा दिवस उभा राहायचा. ती गनही गेली तर पुढे काय, हा विचार त्यांना सोसत नव्हता.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ही गाडी आली. गडद निळी. घेऊन येणारी बाई पन्नाशीची, साधी, कमी बोलणारी.

"माझ्या यजमानांची गाडी. ते गेले त्याला दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "पिवळी करून द्या. खालचं काही दिसता कामा नये."

"तेच तर आमचं काम, बाई," अण्णा म्हणाले.

बाईंचं लक्ष बोलणाऱ्याकडे नव्हतंच. त्या ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराकडे बघत होत्या.

पॉलिश पेपर मारताना त्या दाराचं वेगळेपण कळलं. बाकी गाडीवर निळ्याखाली थेट प्रायमर. या एका दारावर निळ्याखाली लाल निघाला, लालाखाली पांढरा, त्याखाली पुन्हा निळा. "हे दार तीन जणांनी तरी रंगवलंय, अण्णा," जावई म्हणाला. तो गाड्यांची ने-आण करायचा आणि मधल्या वेळात हाताखाली यायचा. दार कुठे ठोकलं होतं म्हणावं तर तसंही नव्हतं, पत्रा सरळ होता. अण्णांनी तो नागडा होईपर्यंत घासला, स्वतःच्या हातांनी.

रंग सगळीकडे सारखा बसला की नाही, हे ओळखायची एक युक्ती असते. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे छोटे स्टिकर मिळतात. ते पत्र्यावर चिकटवायचे आणि त्यांच्यावरूनच रंग मारत जायचं. काळं कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं हे दिसेनासं झालं की रंग पुरला. अण्णा एरवी स्टिकर लावत नसत, नजर पुरेशी होती. या वेळी त्यांनी दहा लावले.

चौथ्या हाताला नऊ स्टिकर गायब झाले. दहावा त्या दारावर होता, हँडलच्या थोडा खाली. त्याच्या चौकटी कोऱ्या स्टिकरइतक्या स्पष्ट होत्या. पाचवा हात दिला, सहावा दिला. मग स्टिकर काढून पाहिलं तर त्याच्याभोवती तळहाताएवढा लांबट गोल तसाच उघडा. आत पांढराही नाही आणि पत्राही नाही, काहीतरी काळपट. अण्णांनी दार पुन्हा पत्र्यापर्यंत घासलं आणि पांढऱ्यापासून सगळं परत केलं. गोल जागच्या जागी उभा.

शेवटी त्यांनी मुलीला हाक मारली. तिने दिवा धरून दार वरखाली पाहिलं. "एकसारखा आहे, अण्णा."

"इथे?"

"तिथेही."

जावयाने तर नाकच टेकवलं दाराला. "अण्णा, डाग चष्म्यावर असेल तुमच्या. चला, पैज. हिला इथे डाग दिसला तर महिनाभर शेडचा केर मी काढीन. नाही दिसला तर झाडू तुमच्या हातात."

मुलीने रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं आणि दाराला बारा ठिकाणी लावलं. सगळीकडे आकडा सारखा, गोलातही. तिने यंत्र खिशात ठेवलं आणि अण्णांच्या गनकडे एकदा पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं अण्णांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाई गाडी पाहायला आल्या. मुलगी आत ऑफिसमध्ये होती. बाई गाडीभोवती फिरल्या आणि त्या दारापाशी थांबल्या. हँडलच्या खाली बोट नेलं, टेकवलं नाही.

"इथे राहिलंच," त्या म्हणाल्या.

अण्णांचा जीव भांड्यात पडला. "तुम्हाला दिसतं?"

"यजमान गेले तेव्हापासून. तुम्हालाही?" अण्णांनी मान डोलावल्यावर त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. "घरी कोण असतं तुमच्या?"

"मुलगी, जावई. बायको तीन वर्षांपूर्वी गेली."

"हं," बाई म्हणाल्या. हे उत्तर त्यांना अपेक्षितच असावं. "माझ्या धाकट्या बहिणीला दिसत नव्हतं. मला वेड्यात काढायची. एका सकाळी गाडीत बसायला आली आणि म्हणाली, ताई, इथला रंग उडालाय बघ. एवढं बरं वाटलं मला. म्हटलं, चला, एकदाचं कुणाला तरी दिसलं." त्या थांबल्या. "अर्ध्या तासाने फोन आला. तिचे यजमान गेल्याचा."

"योगायोग असतो, बाई."

"मीही तेच म्हणते," त्या म्हणाल्या. "पण झाकता आलं तर बघा."

अण्णांनी हे घरात कुणाला सांगितलं नाही. मोतीबिंदूने आधीच अब्रू घालवली होती, त्यात हे सांगून आणखी हसं कशाला करून घ्यायचं? आणखी एक हात देऊ, मग बघू, असं त्यांनी ठरवलं. आणि मुलीला या दाराजवळ फिरकू द्यायचं नाही, हेही.

सकाळी जावई एक गाडी पोहोचवायला परगावी निघाला. काच खाली करून म्हणाला, "अण्णा, झाडू कोपऱ्यात ठेवलाय हं तुमच्यासाठी." अण्णा हसले. पोरगा जीव लावणारा होता.

दहाच्या सुमारास त्यांनी नवा स्टिकर लावून दाराला हात मारला. आडवा, मग उभा. पिवळा ओला चमकत होता. स्टिकरच्या चौकटी तशाच.

मागे रंग मारायच्या बूथचं दार वाजलं.

"आत येऊ नकोस," अण्णा म्हणाले.

"बाईंना गाडी कधी देऊ, एवढंच विचारायचं होतं," मुलगी म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. "अण्णा."

"काय गं?"

"इथे रंग बसला नाहीये." ती पुढे आली, वाकली. "हे काय, हँडलच्या खाली. केवढा गोल आहे. चौकटी दिसतायत सगळ्या. मला परवा कसं दिसलं नाही?"

अण्णांना बाईंची धाकटी बहीण आठवली.

"तुम्ही बरोबर होतात," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "मी उगाच तुमच्या डोळ्यांना दोष देत होते. चुकलं माझं."

तीन महिने हेच ऐकायला ते आसुसले होते.

"मला काही दिसत नाही," अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"रंग एकसारखा आहे. तूच म्हणाली होतीस ना? माझे डोळे गेलेत. ही बघ, गन खाली ठेवली मी. पुन्हा उचलणार नाही." त्यांनी खरंच ती जमिनीवर ठेवली. "तू पण नीट बघ. काही नाहीये तिथे."

"असं काय करताय? हा काय समोर..."

तिने बोट पुढे केलं तसे अण्णा मध्ये आले आणि पाठ दाराला टेकवून उभे राहिले.

"अण्णा, दार ओलं आहे."

"असू दे."

ती मान हलवत हसली आणि खिशातून फोन काढला. "थांबा, ह्यांना सांगते. महिनाभर झाडू म्हणावं."

"नको लावूस," अण्णा म्हणाले. "बाळा, आत्ता नको."

पण तिने स्पीकर सुरू केला होता आणि रिंग जात होती.

ती बराच वेळ गेली आणि बंद झाली. "गाडी चालवत असतील," ती म्हणाली आणि पुन्हा लावला.

अण्णा दारापासून सुटले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी डगला अंगातून काढला आणि पाठ वर करून हातांवर धरला. खांद्यापासून कमरेपर्यंत पिवळा लागला होता, दाट, कुठेही विरळ नाही. मधोमध तळहाताएवढा एक लांबट गोल तेवढा कोरडा होता.

मुलीने तिसऱ्यांदा फोन लावला.