कोरडी पावलं

वर्षालीला नववा लागला आणि घरात सल्ल्यांना नुसता ऊत आला. डॉक्टरीणबाई म्हणतात, रोज चाला. कुठं चालायचं, कपाळ! चिखलीतल्या त्यांच्या गल्लीत अर्धा रस्ता खणलेला, उरलेल्यात टेम्पो उभे. सासूबाई म्हणतात, उकिडवं बसून फरशी पूस, सुखरूप सुटशील. आणि नवरा ज्ञानेश चाकणहून ओव्हरटाइम करून येतो न् जांभई देत विचारतो, "घाबरतेस काय एवढी? सगळ्याच बायका बाळंत होतात." आपण बाळंतपणात मरणार, हे तिनं किती वेळा सांगितलं! पण ऐकतो कोण? जो तो तिला व्यायामच सांगत सुटलेला.

त्या दुपारी सासूबाई दळण घेऊन गिरणीत गेल्या. वर्षालीनं चिडूनच बादली ओढली. बाहेरची खोली पुसत ती मागं मागं सरकत होती. धाप लागली तसे तिनं ओठ घट्ट आवळले. तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी फडकं पिळलं. पाणी बादलीत पडलं... पुन्हा पडलं.

"आई, आलात का?"

फिनेलचा उग्र वास तेवढा आला, आणि घरात तर फिनेलचा थेंब नव्हता. भिंतीला धरून ती उठली. आतली सगळी फरशी ओली होती. कोपऱ्यात फक्त दोन पावलांएवढी जागा कोरडी, पुसता पुसता मागं सरकून कुणी तिथंच बसून राहिल्यासारखी.

त्या कोपऱ्यातून, अगदी खालून, दमलेला आवाज आला.

"श्वास धरू नकोस गं... सोड... माझ्या बाळंतपणात मी धरला होता."

सासूबाई आल्यावर वर्षाली रडली, भांडली. त्यांनी फरशीकडे एकदा पाहिलं. "तुझ्याच हातून राहिलं असेल कोरडं," म्हणाल्या आणि पीठ चाळायला बसल्या. ज्ञानेश तर हसलाच मेला.

त्याच आठवड्यात कळा सुरू झाल्या. प्रसूतिगृहात टेबलाखालून फडकं फिरवताना मावशी करवादल्या, "काय बाई ही फरशी! कितीदा पुसलं, इथं ओलंच होईना."

वर्षालीनं मान वळवली. तिच्या उशाशी, ओल्या फरशीवर दोन कोरडी पावलं होती, बोटं तिच्याकडे वळलेली. फिनेलचा तोच वास. मोठी कळ आली. भीतीनं तिनं श्वास धरला, तसा कानाशी चाललेला कुणाचा तरी श्वासही थांबला.

"सोडा, बाई! श्वास सोडा!" नर्स ओरडली.

वर्षालीनं सोडला. बाळ रडलं.

उशाशी धरलेला तो दुसरा श्वास मात्र सुटलाच नाही.