तसबिरीमागचा ‘मस्ट’

“माझा लेक फितूर नाही, साहेब. पण आज सहा वाजता चाळ त्याला फितूर ठरवणार आहे.”

सुंदराबाई परळहून गिरगावात चालत आल्या होत्या. खुर्ची पुढे केली तरी त्या बसल्या नाहीत. मनमोहन धुरंधर खाजगी शोधकाम करत आणि त्यांचे मित्र श्यामकांत विजयकर त्या कामात जमेल तेवढा घोळ घालत.

साल सत्तावन्न. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहींना घरात आसरा देणाऱ्या अकरा जणांची यादी सुंदराबाईंच्या जगदीशकडे होती. हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त जागा ठाऊक नव्हती. रविवारी दुपारी आई बाजारात गेल्यावर जगदीशने कणकेची खळ शिजवली आणि यादी बुद्धाच्या तसबिरीमागे चिकटवली. आईलासुद्धा तो बोलला नाही. मंगळवारी पोलीस आले ते थेट तसबिरीपाशी. अकराही जण आत गेले.

पोलिसांतल्या एका हितचिंतकाने निनावी पत्राची नक्कल चाळीत आणून दिली होती; ती सुंदराबाईंनी पुढे ठेवली. पत्र सोमवारी टपालात पडलेलं, इंग्रजीत, एका ओळीचं: ‘द लिस्ट मस्ट हॅव बीन हिडन बिहाइंड द बुद्धा पिक्चर.’

“मस्ट!” श्यामकांत म्हणाले. त्यांना आपल्या मॅट्रिकच्या इंग्रजीचा भारी अभिमान. “मस्ट म्हणजे खात्री. खात्री एकट्या जगदीशला. आणि लपवली कोणी ते वाक्यात नाहीच. स्वतःचं नाव कोण घालेल?”

“चाळकरीही तेच म्हणतात,” सुंदराबाई हळूच म्हणाल्या. श्यामकांतांना आपलीच जीभ चावावीशी वाटली.

“सोमवारी खोलीत काही वेगळं दिसलं?” मनमोहननी विचारलं.

“मुंग्या. तसबिरीमागे रांग लागलेली. संध्याकाळी रॉकेलचं फडकं फिरवलं. कोणाला बोलले नाही, साहेब. लोक म्हणतील, हिच्या घरात घाण.”

“दार उघडं असतं?”

“चाळीत दिवसा दार कोण लावतंय?”

दुपारी दोघे मित्र परळच्या चाळीत पोचले. तिथे इंग्रजी लिहिणारे तिघेच. जगदीश मिलच्या ऑफिसात टायपिस्ट. तो भिंतीकडे बघत म्हणाला, “मी लिहिलं नाही. याहून काय सांगू?” श्यामकांतांना त्याचा हा ताठा संशयास्पद वाटला.

दुसरी बेबी, शाळेत शिकवणारी. “रविवारी सकाळीच चिंचपोकळीला गेले, बहिणीच्या बाळंतपणाला. बुधवारी आले. सुईणीला विचारा हवं तर.” हीदेखील फारच फटाफट बोलते, असं श्यामकांतांनी मनात टिपून ठेवलं.

तिसरे तळमजल्यावरचे नाना. चाळीस वर्षं फोर्टात एका वकिलाकडे जबान्यांचं भाषांतर केलेले. ते मुलाच्या शर्टाला इस्त्री करत होते.

“कोंडीराम येतोय आमचा. उद्या-परवा सुटेल.”

“सत्याग्रहातला? बाकीच्यांचे तर अजून दोन महिने आहेत,” श्यामकांत म्हणाले.

“त्याची छाती नाजूक आहे हो,” नाना पुटपुटले. मग चहा ओतू लागले. “मी महिनाभर जिना चढलेलो नाही, गुडघे धरलेत. घ्या, साखर घ्या. आमच्याकडे डबा उघडा ठेवला तरी चालतो. सुंदराबाईच्या भिंतीसारखी रांग इथे लागायची नाही.”

चहा झकास होता. श्यामकांतांनी दोन कप घेतले.

सहाला चाळ अंगणात जमली. जगदीशच्या आसपास कोणी उभं नव्हतं. एकट्या सुंदराबाई होत्या.

“श्यामकांत,” मनमोहन म्हणाले, “तुमची छत्री कुठे आहे?”

“ही काय, हातात आहे.”

“आणि चष्म्याचं घर?”

“घरी राहिलं असणार. राहिलंच असलं पाहिजे!”

“बघा! जे डोळ्यांसमोर असतं त्याला माणूस नुसतं ‘आहे’ म्हणतो. ‘असलंच पाहिजे’ कधी म्हणतो? पाहिलेलं नसतं, ताडलेलं असतं तेव्हा. मस्ट हा शब्द दांडगा वाटतो, पण तो अंदाजाचाच. जगदीशने स्वतःच्या हाताने यादी चिकटवली, तो मस्ट कशाला लिहील? हे लिहिणाऱ्याने यादी पाहिलेली नाही, तिची खूण पाहिली. आणि लपवणारा वाक्यात नाही, कारण आई की लेक हे त्याला माहीत नव्हतं.”

“कसली खूण?” कोणीतरी ओरडलं.

“मुंग्या. नुसत्या तसबिरीमागे मुंग्या जात नाहीत, ताज्या खळीमागे जातात. त्या दिसल्या सोमवारी आणि संध्याकाळी पुसल्या गेल्या. तेव्हा बेबीताई चिंचपोकळीला होत्या. सुंदराबाईंनी मुंग्यांचा कोणाकडे शब्द काढला नाही. मग महिनाभर जिना न चढलेल्या नानांना ती रांग कशी ठाऊक? आणि मुलगा दोन महिने आधी कसा सुटतो?”

नाना पायरीवर बसले. “आत रक्ताची गुळणी आली होती त्याला,” ते म्हणाले. “पोलीस म्हणाले, एक ओळ लिहा, नाना, त्याला सोडतो.” श्यामकांतांना राग यायला हवा होता, पण आला नाही.

बेबीने कबुली लिहायला कागद पुढे केला. नाना लिहू लागले. सुंदराबाई अक्षरं लावत वाचत होत्या: “माझ्याकडून यादीची जागा कळवली गेली असावी...”

त्यांनी बोट कागदावर ठेवलं.

“गेली असावी नाही, नाना. मी कळवली, असं लिहा.”

नानांनी ओळ खोडली आणि तसं लिहिलं.