दस्ती टाकलेली जागा

खोटं सांगून मला कुणी भाकर देणार न्हाई. मी जालन्यात रिक्षा चालवतो. शाळा सातवीत सुटली. लिहायची सवय न्हाई, म्हणून जसं बोलतो तसं सांगतो.

हे माझ्या सख्ख्या मामाचं हाय.

आणि आधीच सांगतो, ही रातची गोष्ट न्हाई.

भर दुपारची हाय.

दोन वर्षं झाली. आंबेडकर जयंती होऊन आठवडाभर झाला असंल. नवीन जालन्यात दवाखान्यांच्या गल्लीमागं एक लहानशी बाग हाय. नाव सांगत न्हाई. नाव सांगितलं की लोक बघायला जातात.

जाऊ नका.

माझा मामा कडूबा, भोकरदनचा. मामी कांताबाई. मामीच्या पोटात गाठ निघाल्ती. सकाळी जालन्यात आणून तिचा फोटो काढला मशीनमधी. डॉक्टर म्हन्ला, रिपोर्ट संध्याकाळी. तवर काय करायचं? खेड्यावरून आलेली माणसं जे करतात तेच. बागेत जायचं, डबा खायचा, सावलीला पाठ टेकायची.

मीच दोघांना रिक्षात घेऊन गेल्तो.

आता मामाची एक सवय सांगतो. सगळं तिथूनच सुरू झालं.

मामानं सारी उमर भोकरदन-जालना एसटीनं काढली, पण उभ्यानं कधी आला न्हाई. गाडी फलाटाला लागायच्या आत धावत जायचा आणि खांद्यावरची दस्ती खिडकीतून सीटवर फेकायचा. दस्ती म्हंजे मोठा रुमाल. मंग आरामात, मिशीवर हात फिरवत, सगळ्यांच्या मागून चढायचा.

"ज्याची दस्ती त्याची जागा," मामा म्हणायचा. "हे एसटीचं संविधान हाय."

एकदा एक फौजदार दस्ती बाजूला सारून बसल्ता. मामानं त्याला उठवला. खरंच उठवला.

तर त्या दिवशी बागेत पाय ठेवायला जागा न्हाई. प्रत्येक झाडाखाली पेशंटचे नातेवाईक. डबे, पाण्याच्या बाटल्या, रडणारी लेकरं. ऊन तर असं की डांबर चपलेला चिकटून राह्यलं.

एकच बाकडं मोकळं. करंजाच्या झाडाखाली. लोखंडी. गार सावली.

दोन बाया त्याच्यापासून चार हातांवर भर उन्हात बसल्त्या. डोक्यावर पदर घेऊन घाम पुसत्यात, पण सावलीत येईनात.

मामाला काही वाटलं न्हाई. त्यानं बागेच्या जाळीबाहेरूनच, एसटीवाणी, नेम धरून दस्ती फेकली. जयंतीला घेतलेली, नवी कोरी, निळी. बराबर बाकड्यावर पडली.

"झालं रिझर्वेशन!" मामा हसला. मामी एवढी आजारी, तरी ती पण हसली.

मला म्हन्ला, "सुमित, तू जा, धंदा बघ. चारला ये."

मी गेलो. पुढचं मामानं सांगितलेलं हाय. शपथेवर सांगितलेलं.

दोघं गेटातून वळसा घेऊन बाकड्याजवळ आले...

दस्ती खाली मातीत पडल्ती.

वाऱ्यानं पडली म्हणावं, तर वारा नव्हता. आणि वारा घडी घालत न्हाई.

दस्तीची चौपदरी घडी घातलेली व्हती. इस्त्रीवाल्यानं घालावी तशी.

"कोण हाय रे लई हुशार?" मामानं इकडंतिकडं बघितलं. उन्हातल्या त्या दोन बायांनी मान फिरवली. मामानं दस्ती झटकली, परत बाकड्यावर पसरली, आणि मामीला घेऊन नळावर गेला. हातपाय धुतले. आले...

परत खाली. परत घडी. या वेळी दस्ती ओली व्हती. थंडगार.

मामी म्हन्ली, "अहो, दुसरीकडं बसू. ऊन तर ऊन."

"का म्हणून? आपुन दस्ती टाकली. जागा आपली."

"इथं कोणाला मान्य न्हाई वाटतं ते."

"कोणाला? दिसतंय का कोणी तुला?"

मामा भूतबित मानत न्हाई. आमच्या घरात कोणीच मानत न्हाई. अंगारा न्हाई, गंडा न्हाई, उतारा न्हाई. मामानं दस्ती पसरली आणि तिच्यावर आधी स्वतः बसला. मंग मामीला शेजारी बसवलं. डबा उघडला. ज्वारीची भाकर, वांगं, ठेचा.

पहिला घास तोंडात घातला...

आणि बागेतला आवाज बंद झाला.

लेकरं रडून राह्यली व्हती, ती तोंडं हलताना दिसत व्हती. रस्त्यावर गाड्या पळताना दिसत व्हत्या. पण आवाज न्हाई. आवाज एकच...

बाकडं करकरत व्हतं.

मामीच्या पलीकडच्या बाजूनं.

"अहो, जरा सरका की," मामी म्हन्ली.

"कुठं सरकू? तुझ्या बाजूला सारं बाकडं रिकामं हाय."

"मंग मला कोण दाबून राह्यलं?"

मामानं वाकून बघितलं. मामीच्या लुगड्याचा सोगा, म्हंजे लोंबतं टोक, बाकड्यावर पसरल्ता. मामाच्या डोळ्यांदेखत तो सोगा दबला... कोणीतरी जड माणूस त्याच्यावर बसावं तसा. कापडाला चुण्या पडल्या.

तिथं कोणीच नव्हतं.

आता दुसरा माणूस असता तर पळाला असता. माझ्या मामानं काय करावं? मामा भांडला.

"ओ! आधी दस्ती आम्ही टाकलीय!" त्या रिकाम्या जागेला म्हन्ला. "ज्याची दस्ती त्याची जागा. कायदा कायदा असतो. उठायचं!"

तेवढ्यात बागेचा वॉचमन गयासोद्दीन चाचा लांबून ओरडत आला. पण सावलीच्या कडेला येऊन थांबला. सावलीत पाय न्हाई टाकला.

"ओ भाऊ! उठो वहाँ से! बीमार औरत को लेके कहाँ बैठे?"

मामा उठला. मामीला उठता येईना. सोगा अडकला व्हता. मामानं दोन्ही हातांनी ओढला... टर्रकन फाटला. फाटलेला तुकडा बाकड्यावरच राह्यला, दबलेला.

मामी उन्हात आली आणि थरथर कापायला लागली. एवढ्या उन्हात तिचे दात वाजत व्हते.

"कोण हाय तिथं?" मामानं चाचाला विचारलं.

"मेरे को क्या मालूम. मैं भी झाड़ू बाजू से मारता," चाचा म्हन्ला. "तुम उससे झगड़े क्यों?"

आणि गेला निघून.

मामाची निळी दस्ती तिथंच राह्यली. आणायला तो परत सावलीत गेला न्हाई.

चारला मी आलो, तर दोघं गेटाबाहेर उभी. डबा तसाच भरलेला.

संध्याकाळी रिपोर्ट आला. डॉक्टर म्हन्ला, गाठ साधी हाय, औषधानं जाईल. मामी रडायला लागली. मामानं मला पेढे आणायला पळवलं. मला वाटलं, संपलं.

स्टँडवर भोकरदनची गाडी लागली. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीला मरणाची गर्दी. दस्ती तर नव्हती, म्हणून मामानं डब्याची पिशवी खिडकीतून फेकली. मी खालून बघत व्हतो. दोन सीटवर नीट पडली. मामा सगळ्यांच्या मागून चढला...

पिशवी खाली पायात व्हती.

आणि खिडकीच्या सीटवर, मामीच्या जागेवर, एक दस्ती ठेवलेली. लाल. जुनी. विटलेली. चौपदरी घडी.

गाडीत माणसं दांड्याला लोंबकळून राह्यली व्हती. पण त्या सीटवर कोणी बसलं नव्हतं. मामानं दहा जणांना विचारलं, कोणाची हाय? कोणाचीच न्हाई.

उचलली तर ओली. थंड. मामानं खिडकीतून फेकून दिली. माझ्या पायाजवळ पडली ती. मी हात लावला न्हाई.

गाडी सुटली. मामानं मंग सांगितलं, मामी त्याला म्हन्ली, "सरका की जरा..."

मामाच्या अन् मामीच्या मधी हातभर जागा मोकळी व्हती.

घरी गेल्यावर दुपार झाली की ती लाल दस्ती यायची. मामीच्या बाजेवर. मामीच्या खुर्चीवर. ताट वाढलं की मामीच्या पाटावर. मामानं जाळली, दगड बांधून विहिरीत टाकली, जमिनीत पुरली. दुसऱ्या दुपारी परत... चौपदरी.

दस्ती काढून मामी बसली की तिला कोणीतरी दाबायचं. श्वास कोंडायचा. अंगावर निळे डाग उठायचे. शेवटी बाईनं बसणंच सोडलं. स्वतःच्या घरात, भिंतीला टेकून, दुपारभर उभी राहायची. पाय सुजून खांबावाणी झाले. औषध चालू, रिपोर्ट चांगला, आणि बाई वाळत चाललेली.

त्यांचा मुलगा बुद्धभूषण मास्तर हाय. त्यानं परत सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं न्हाई. शेजारच्या उषाबाई म्हन्ल्या, एखादा जाणकार बघा. मामानं त्यांना हात जोडले. "ते आपल्यात न्हाई, ताई."

पण एक दिवस मामाचा मला फोन आला.

"सुमित, मला कळलं रे."

"काय कळलं, मामा?"

"त्यानं माझाच कायदा धरला. मीच शिकवला त्याला. दस्ती टाकायची आन् मंग मागून, आरामात यायचं." मंग म्हन्ला, "ते अजून आलेलंच न्हाई, सुमित. आत्ता नुसती जागा धरून राह्यलंय. आलं की कांता उठणार. कायमची."

दुसऱ्या दुपारी मी मामाला बागेत घेऊन गेलो. मी गेटाशी थांबलो. मला तिथून सगळं दिसत व्हतं.

निळी दस्ती बाकड्याखाली मातीत पडल्ती. परत तशीच घडी. चाचानं आजूबाजूनं झाडलेलं, मधी गोल सोडलेला.

मामानं चपला काढल्या. सावलीत गेला. ज्या माणसानं फौजदारासमोर मान खाली घातली न्हाई, त्यानं बाकड्यासमोर हात जोडले.

"चुकलं माझं. तुमची जागा तुमची. तिची जागा तिला सोडा."

काही न्हाई.

मामा तसाच उभा. घाम गळून राह्यला.

मंग... करकर.

बाकडं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं करकरत गेलं. एसटीत जाडजूड माणूस कुरकुरत सरकतो ना, कुणाला तरी जागा द्यायला? तसं.

एका माणसापुरती जागा मोकळी झाली.

मामाला ते कळलं. मला गेटावरून कळलं. मी ओरडलो, "मामा, चला! मामा!"

मामानं वाकून निळी दस्ती उचलली. झटकली. आणि त्या मोकळ्या जागेवर हळूच ठेवली.

"तिच्या बदली मी," म्हन्ला. "यील. पण आत्ताच न्हाई. ज्याची दस्ती त्याची जागा. तवर कोणी हात लावायचा न्हाई."

मागं वळून न बघता आला. रिक्षात बसला. "चल, पानी पाज," एवढंच बोलला.

त्या दुपारी भोकरदनात मामी बाजेवर बसली. लाल दस्ती परत आली न्हाई. महिन्यात पायांची सूज उतरली. आज मामी मस्त हाय, भाकरी थापते, सुनेशी भांडते.

मामा पण हाय. पण एसटीत आता तो जागा धरत न्हाई. उभ्यानं येतो. लोक म्हणतात, बाबा बसा, तर म्हणतो, "माझी जागा धरलेली हाय."

ती निळी दस्ती अजून त्या बाकड्यावर हाय. दोन पावसाळे गेले. रंग उडाला न्हाई. धूळ बसत न्हाई. मी रोज बघतो.

आता, हे मामीला कुणीच सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात मामाला ताप भरला, तापात तो सगळं बरळला. मामीनं मला बोलवून घेतलं. बागेत फाटलेल्या त्या लुगड्याचा उरलेला सोगा कापून ठेवल्ता तिनं. माझ्या हातात दिला.

"त्यांच्या दस्तीशेजारी टाक."

"मामी, काय बोलता!"

"जन्मभर माझी जागा त्यांनीच धरली रे. एकटे बसले तर बडबड करून त्याचं पण डोकं खातील." हसली. डोळे हसले न्हाईत. "टाकशील ना?"

मी हो म्हन्लो.

टाकला न्हाई. माझ्यानं होत न्हाई. रिक्षाच्या डिक्कीत पिशवीत गुंडाळून ठेवला, वर स्टेपनी ठेवली.

काल दुपारी त्याच गल्लीत एका बाईनं हात केला. हातात डबा, दवाखान्यातली वाटली. मी रिक्षा थांबवली. ती मागं वाकली, बघितलं, आणि तशीच थांबली.

"भाऊ, त्यांना जरा सरकायला सांगा की."

मी मागं बघितलं...

माणूस कोणीच नव्हतं. सीटवर मामीचा सोगा व्हता. चौपदरी.