वळणावरचं रिकामं खळं

पुढचा टायर रिमवरून सुटला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही. मी फक्त म्हणाले, "परत?"

डोंगरउतारावर सायकलीचा टायर सुटतो तेव्हा आधी फस्स असा आवाज येतो, एखादी आत्या रुसल्यासारखा. मग आतलं पंक्चर बुजवायचं पांढरं औषध चहूकडे उडतं. मग टायर चाकाच्या गळ्यात सैल हारासारखा लोंबतो, आणि आपण सायकल सोडून स्वतंत्रपणे पुढे जातो. मी गेले ती थेट वळणासमोरच्या, कोकाच्या पानांच्या खळ्यात. काळ्या दगडाची तापलेली फरशी, तिच्यावर वाळत घातलेली हिरवीगार पानं. त्यांवरून पोटावर घसरत मी एका केरसुणीपाशी येऊन थांबले.

केरसुणीच्या वरच्या टोकाला एक मुलगा होता. त्याच्या कपाळावरून, नाकावरून पांढरं औषध ओघळत होतं.

"खळ्यात बूट घालून येत नाहीत," तो म्हणाला.

"आले नाही. पडले."

"पडतानाही काढतात."

मी पडल्या पडल्या बूट काढले. का, ते विचारू नका. त्याच्या पापणीवर एक पांढरा थेंब थरथरत होता आणि त्याखालचे डोळे... असो.

त्याचं नाव लिम्बेर. माझं नोएमी. ओळख झाल्यावर त्याने माझ्या टायरकडे बराच वेळ पाहिलं, डॉक्टर पाहतात तसं, आणि विचारलं, "वर खिंडीत धरणीमातेला दारू शिंपडलीस?"

"शिंपडली. टायरवर पण."

"किती?"

"प्रेमाने."

"मग टायर झिंगलाय."

खरं तर मला हसू यायला नको होतं. रविवारी निवडीची शर्यत होती. ला पासच्या वरच्या बर्फाळ खिंडीतून निघायचं आणि या युंगासच्या दरीत, केळी-कॉफीच्या उष्ण हवेत उतरायचं. पहिल्या तिघी संघात जाणार. मी त्यांत आले नाही, तर बाबांनी ठरवलंच होतं: सायकल चुलतभावाला, आणि मी त्यांच्या मिनीबसच्या दारात लटकून "सेहा, सेहा, एल आल्तो" अशी थांब्यांची नावं ओरडणार. माझा आवाज चांगला आहे, हीच तर भीती. आणि टायर दर वेळी या खालच्या उष्ण उतारावरच सुटत होता. वर कधीच नाही.

तेवढ्यात ढग आला. आमच्याकडे ढग वरून येत नाहीत. दरीतून चढत येतात, सावकाश, बोलावलेल्या पाहुण्यांसारखे. समोरचा डोंगर आधी गुडघ्यापर्यंत गेला, मग कमरेपर्यंत, मग नुसतं शिखर उरलं — आणि तेही आमच्याकडे बघत बघत बुडालं. मी जन्मापासून हे पाहतेय. तरी तोंड उघडं राहिलं. लिम्बेरचंही.

"पाऊस," तो म्हणाला. "पान भिजलं की काळं पडतं. तू तिकडून लोट."

मी मोज्यांवर धावले. एका टोकाने तो झाडत येत होता, दुसऱ्या टोकाने मी. मधोमध हिरवा ढीग वाढला आणि त्या ढिगात आमचे हात एकमेकांवर आले. कोणीच "माफ कर" म्हणालं नाही. पहिला थेंब पडला तेव्हा पोतं छपराखाली होतं आणि आम्ही दोघं त्या पोत्यावर, धापा टाकत, अकारण सभ्यपणे बसलेलो.

मी पाण्याची बाटली काढली. खिंडीत अर्धी पिऊन घट्ट बंद केलेली प्लास्टिकची बाटली कोणी मुठीत धरून दाबावी तशी चुरगळली होती.

"ती चुरगळतेच," लिम्बेर म्हणाला. "वरून आलेली प्रत्येक बाटली चुरगळते."

मी बाटलीकडे पाहिलं. मग टायरकडे. मग परत बाटलीकडे.

"वरची हवा पातळ," मी हळूच म्हणाले. "इथली जाड. जाड हवा बाहेरून दाबते. दगड धरावेत म्हणून मी वरच टायर मऊ ठेवते. मग इथे येईपर्यंत तो..."

"चुरगळतो."

"हं."

"म्हणजे दारूचा दोष नाही," तो म्हणाला. "आई निराश होईल."

मग त्याने विचारलं, "हवा जास्त भरलीस तर?"

"वरच्या ओल्या खडकांवर घसरेन. नेमकी किती भरायची ते रविवारीच कळेल. आणि चुकलं तर कळून उपयोग नाही."

तो वळणाकडे बघत राहिला. "आज पानांवरून घसरलीस म्हणून एवढी लांब आलीस. मी नसतो तर खळ्याच्या कठड्यावरून पलीकडे."

"पलीकडे काय आहे?"

"काही नाही," तो म्हणाला. "खूप खोल काही नाही."

आठवडाभर पाऊस लागून राहिला आणि रविवारी ऊन पडलं. खिंडीत माझ्या हँडलवर बर्फ होता. दारू फक्त जमिनीवर शिंपडली. टायरमध्ये थोडी जास्त हवा भरली, अंगठ्याने दाबलं, आणखी थोडी भरली, आणि निघाले.

वरच्या खडकांवर दोनदा मागचं चाक माझ्यापुढे जायला निघालं. मी त्याला जाऊ दिलं नाही. मग रस्त्यावर कोसळणारे धबधबे, आत शिरल्यावर स्वतःचे हातही न दिसणारं धुकं — आणि एकदम धुकं फाटलं. खाली अख्खी दरी उघडी. आठवडाभर तुंबलेली पानं सगळ्यांनी एकदम उन्हात काढली होती. डोंगरभर खळी चमकत होती, हिरवी, हिरवी, हिरवी... श्वास घ्यायचा राहिला.

त्यात एकच खळं काळं होतं. रिकामं. झाडून लख्ख.

अशा उन्हात खळं रिकामं ठेवणं म्हणजे पंगत बसलेली असताना चुलीवर पाणी ओतणं. तोडलेलं पान पोत्यात राहिलं तर सडतं. त्या काळ्या दगडावर, वळणाच्या बरोबर समोर, केरसुणी घेऊन लिम्बेर उभा होता.

मी वळणात झुकले. टायर कण्हला, एका बाजूला दबला, रिमने दगडाचा ठोका खाल्ला. सुटला नाही.

मी तिसरी आले. नाव पुकारलं तसं सायकल ढकलत चढ चढून परत गेले. खळ्याच्या कडेला लिम्बेरची आई, सातुर्निना मावशी, न उघडलेल्या पोत्याशेजारी बसली होती.

"तिसरी," मी सांगितलं.

"पडली नाहीस," लिम्बेर म्हणाला. आवाजात किंचित तक्रार होती.

"पहाटेपासून झाडतोय," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, पानं पसर की बाबा. तर म्हणे, टायर सुटणारी मुलगी येणार आहे. आता टायर तर सुटला नाही. आता कोणतं कारण सांगशील?"

त्याने केरसुणी भिंतीला टेकवली. मग रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

"ही पडली असती तर मला चाललं नसतं, आई," तो म्हणाला. "पण ही सरळ निघून गेली — तेही चाललं नाही."

मावशी माझ्याकडे वळली. "तुला काही समजलं?"

"समजलं, मावशी."

"मग मला एकटीलाच काय अंधारात ठेवता?"

मी कान तापल्याचं लपवायला हेल्मेट काढलं, तर ते जास्तच दिसले. "धुक्यातून बाहेर आले तेव्हा हे खळं दिसलं," मी म्हणाले. "तेव्हा मी ब्रेकवरचं बोट काढलं."

"का?" लिम्बेरने विचारलं.

"खाली कोणी आपल्यासाठी थांबलंय हे दिसल्यावर... ब्रेक कशाला लावायचा?"

मावशीने पोत्याचं तोंड सोडलं. "ऊन अजून आहे. पसरा."

आम्ही तिघं पसरायला लागलो. दगड तापला होता; पानं टाकली की सुस्कारल्यासारखा आवाज येत होता.

"आता संघाबरोबर जाशील," लिम्बेर पानांकडे बघत म्हणाला. "लांब."

"सराव आहे. सहा महिने."

"कुठे?"

"याच रस्त्यावर. रोज."

त्याने गंभीरपणे मान हलवली, ओंजळभर पानं उचलली आणि ती दगडाऐवजी, अगदी निगुतीने, शेजारी वाकलेल्या आईच्या टोपीवर पसरली.