शिंप्याची कच्ची वही

बसा जवळ. आणि मध्येच कुणी 'भॉक' केलं तर मी उठून जाईन, आधीच सांगतो. उलटे पाय, पांढरी साडी, असला बाजार माझ्याकडे नाही. ही माझ्या मित्राची गोष्ट आहे, आणि त्यातली अर्धी मी स्वतः पाहिली आहे.

मी कोर्टात पट्टेवाला होतो, साक्षीदारांना पुकारायचो. मित्र सरकारी दवाखान्याच्या शवागारात. त्याला सगळे शिंपी म्हणायचे, कारण फाडलेलं प्रेत तो असं शिवायचा की घरच्यांना टाका दिसू नये. तिथली रीत तुम्हाला ठाऊक नसेल. कागदावर डॉक्टर तपासतो. प्रत्यक्षात डॉक्टर दाराशी नाकाला रुमाल लावून उभा. आत शिंपी फाडणार, बघून सांगणार, डॉक्टर लिहिणार. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कुणाचं अडलं नव्हतं.

मग ते लेकरू आलं. चौदा महिन्यांची मुलगी. आईबाप कामावर, सांभाळायला मावशी. एकोणीस वर्षांची पोर, चारच दिवसांपूर्वी बहिणीकडे आलेली. दुपारी लेकरू निपचित पडलं ते उठलंच नाही. डोक्याच्या आत रक्त. पोलिसांनी मावशीला उचललं.

डॉक्टरने कोर्टात सांगितलं, मार त्याच दुपारचा. म्हणजे मावशीचाच. तिच्या वकिलाने बाहेरून एक मोठी डॉक्टरीणबाई आणली. फोटो बघून ती म्हणाली, "मला यात आठवड्याचं जुनं रक्त दिसतंय. जुनी जखम पुन्हा वाहिली की लेकरू असं अचानक जाऊ शकतं."

"खात्री?" सरकारी वकिलाने विचारलं.

बाई प्रामाणिक. म्हणाली, "फोटोवरून खात्री देता येत नाही. कवटी उघडणाऱ्याला ते नक्की दिसलं असेल."

डॉक्टर म्हणाला, "कवटी मीच उघडली. जुनं काही नव्हतं."

दोन डॉक्टर, दोन तोंडं, आणि पिंजऱ्यात ती पोर. न्यायाधीश वैतागले. गुरुवारी डॉक्टरने पुन्हा यावं, असा हुकूम दिला.

आता खरं ऐका. कवटी उघडली त्या दिवशी शिंप्याने आतून सांगितलं होतं, "साहेब, थर दोन आहेत. वरचा लाल, खालचा तपकिरी. खालचा जुना आहे." डॉक्टरने लिहिलं नाही. जुनं लिहिलं की प्रश्न वाढतात, आणि त्याला घरी जायचं होतं. शिंप्याने मात्र सवयीने आपल्या कच्च्या वहीत लिहून ठेवलं. आणि दीड वर्ष तोंडाला कुलूप. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतो?

बुधवारची रात्र. पावणेबाराला डॉक्टरचा फोन. "ती तुझी कच्ची वही घेऊन घरी ये. आत्ता."

वही कशाला हवी, ते शिंप्याला कळलं. तरी निघाला. तुम्हाला शिव्या द्यायच्या तर द्या, माझ्या देऊन झाल्या आहेत.

"मग दिली का वही, आबा?"

ऐक.

स्कूटर काढली. वही शर्टाच्या आत, पोटाशी. रस्ता सरळ, दिवे सगळे चालू. बारा वाजून दहा मिनिटांनी, पाण्याच्या टाकीपाशी, स्कूटर मागून जराशी दबली. त्याला वाटलं, पंक्चर. उतरला. चाक दाबून बघितलं. हवा ठीक होती.

पुन्हा बसला. निघाला.

पाठीला काहीतरी टेकलं.

लहान. गोल.

भूत थंड असतं म्हणतात. हे कोमट होतं.

त्याने ओळखलं. ते डोकं त्याने दोन्ही हातांत धरलं होतं. शिवून झाल्यावर वरून टोपडं घातलं होतं, आईला टाके दिसू नयेत म्हणून.

"बाळा... मी सांगितलं होतं गं त्यांना."

नुसता श्वास. आणि शर्टाला धरलेली मूठ.

डॉक्टर फाटकात उभा होता. "आण."

शिंपी गाडीवरून उतरेना. उतरला असता तर मागचं लेकरू पडलं असतं.

डॉक्टर पुढे आला. थांबला. "एवढ्या रात्री कुणाचं पोर आणलंस?"

डॉक्टर वाकला. बघितलं. पुढे केलेला हात मागे घेतला.

"टोपडं..." एवढंच म्हणाला.

आत गेला. दार लावलं. वही शिंप्याकडेच राहिली.

सकाळी मी कोर्टाचं दार उघडायला गेलो, तर शिंपी पायरीवर बसलेला. पाठ ताठ, भिंतीपासून वीतभर दूर. मी म्हटलं, "अरे, टेक की जरा."

"नको," म्हणाला. "चेंगरेल."

वही मावशीच्या वकिलाच्या हातात गेली. मी डॉक्टरला पुकारलं. तो पिंजऱ्यात आला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "थर दोन होते. कवटी मी उघडली नव्हती."

मावशी पुढे सुटली. पण त्या दिवशी आनंद कुणालाच झाला नाही रे. आई तिथेच बसली होती, शेजारी नवरा. जखम आठवड्याची जुनी, तेव्हा मावशी आलेलीच नव्हती. मग घरात होतं कोण? ती दोघंच. मला दिसलं, तिने हळूच मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. ती ना रडली, ना ओरडली, बघतच राहिली. त्याच्यावर पुढे काही शाबीत झालं नाही. माझ्या छातीत तेव्हा जे तुटलं, ते अजून सांधलेलं नाही.

संध्याकाळी मी शिंप्याला घरी पोचवलं. वहिनींनी दारातच त्याचा शर्ट मागून धरला. दिवसभर ऊन, कोर्टातले पंखे, तरी शर्टाच्या पाठीवर तळहाताएवढा ओला डाग होता. त्यांनी बोट लावून बघितलं. जरा चिकट. पाच लेकरं वाढवलेली बाई ती. आवाज एकदम खाली आला, कुणी जागं होऊ नये तसा.

"अहो, लाळ आहे ही. कुणाचं लेकरू घेतलं होतंत पाठीवर? गाढ झोपल्याशिवाय एवढी गळत नाही."